उतरलेल्या वजनाचं कौतुक

आईचं वजन उतरलं याचं सगळ्या बोरी अरबला कौतुक होतं, फक्त मला नव्हतं. आणि मला नव्हतं म्हणून मी जळते, असंही गल्लीने ठरवून टाकलं होतं.

वजन व्हायचं ते सोयाबीन-तूर घेणाऱ्या व्यापाऱ्याच्या काट्यावर. नवं सोयाबीन यायला अवकाश होता, त्यामुळे पावसाळाभर तो लोखंडी पाटाचा काटा रिकामा पडलेला असे. विहारातून परतणाऱ्या बाया दुपारी दुकानात शिरत, चपला काढत आणि एकेक करून पाटावर चढत. व्यापारीही हौशी. तो आकडा मोठ्याने वाचायचा. त्या रविवारी मी गावी गेले होते आणि आईसोबत दुकानात उभी होते. आई चढली, आकडा वाचला गेला आणि बायांमध्ये अशी आनंदाची लाट उठली, की त्यांनी तिला खांद्यावर तेवढं घेतलं नाही.

"आता तू चढ," शेजारची मावशी मला म्हणाली.

मी चढले. माझा आकडा मागच्या वेळी होता तोच. मावशीने तो वाचला, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "आईपासून शिक काही. म्हातारं मानूस एवढं करून राह्यलं, अन तू तं पैसे देऊन कसरती करतं म्हने."

मी पाटावरून उतरले. बोलण्यासारखं भरपूर होतं, पण ऐकणारं कोणी नव्हतं.

आईने हे का आरंभलं ते आधी सांगायला हवं. दरवर्षी दसऱ्याला आमच्या गल्लीतल्या बाया मिळून एक गाडी ठरवतात आणि नागपूरला जातात. आई लग्न होऊन आली तेव्हापासून जाते. तिकडे गाड्या फार लांब थांबवतात, तिथून गर्दीतून चालत जायचं, मिळेल तिथे जमिनीवर बसायचं, रात्री ताडपत्री टाकून तिथेच आडवं व्हायचं. तिच्यासाठी वर्षाचा सण म्हणजे तो एक दिवस. बाकी सगळं वर्ष त्याच्या अलीकडचं नाही तर पलीकडचं.

गेल्या साली तिचे गुडघे इतके धरले, की खाली बसल्यावर तिला उठवायला दोघी लागल्या. परतताना गाडीत आई डोळे मिटून बसली होती. ती झोपली असं समजून मागच्या बाकावर कुणीतरी हळूच म्हणालं, "पुढच्या साली बाईले आनाव का नाई, इचार करा." आई जागी होती. हे तिने मला फक्त एकदाच सांगितलं, तेही तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता. माझी आई रडणाऱ्यांतली नाही. ती ठरवणाऱ्यांतली आहे, आणि तो प्रकार जास्त अवघड असतो.

मी तिला यवतमाळला आणून गुडघ्यांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी एक्स-रे पाहिला आणि वजन उतरवा, गुडघ्यांवरचा भार कमी होईल, असं सांगितलं. ते चुकीचं होतं असं नाही. कसं उतरवायचं ते मात्र त्यांनी सांगितलं नाही, कारण पुढचा पेशंट दारात उभा होता. आईला तरी कसं हे विचारायची गरज कुठे वाटली. तिच्याकडे उत्तर तयार होतं.

आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. पूर्वी भिक्खू पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहत, त्याची ही आठवण. आमच्याकडे या तीन महिन्यांत विहारात ग्रंथवाचन चालतं, बाया पांढरी लुगडी नेसून जातात, बरीच घरं अंडी-मटण बंद करतात. पौर्णिमेला आणि अष्टमीला उपोसथ असतो, म्हणजे दुपारी बारानंतर जेवायचं नाही. पौर्णिमेला आणि अष्टमीला. आईने तो रोजचा केला. अंडी तर सोडलीच होती. सकाळी एक भाकर आणि थोडी भाजी, आणि बारानंतर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काही नाही. चहा चालतो. चहा हे अन्न नाही, असं आमच्या गल्लीचं एकमत आहे, मग त्यात साखर कितीही असो. त्यामुळे आई दुपारपासून झोपेपर्यंत मनसोक्त चहा प्यायची आणि व्रत अखंड राहायचं.

याच सुमारास माझंही वेगळंच चाललं होतं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी एका कार्यालयात बसून काम करते, आणि बसूनच करते. कंबर धरली, जिना चढवेना, तेव्हा ऑफिसातली एकजण मला बायकांच्या व्यायामशाळेत घेऊन गेली. तिथली शिकवणारी मुलगी माझ्या मुलापेक्षा फार मोठी नसेल, पण बोलायची एखाद्या सासूसारखी. तिने मला पहिल्या दिवशीच सांगितलं, की काट्याकडे पाहू नका. मी म्हटलं, मग मी इथे कशाला आले?

तिने मला जे समजावलं ते असं. माणूस दिवसभर जेवढं खर्च करतो, त्यातलं बरंचसं काम करण्यात जात नाही. नुसतं जिवंत राहण्यात जातं. श्वास, काळीज, अंगाची ऊब. झोपेतही हा खर्च चालूच असतो. आणि या खर्चात स्नायूंचा वाटा चरबीपेक्षा जास्त असतो. एक किलो स्नायू वाढला म्हणून पोटात भट्टी पेटत नाही, जाहिरातवाले उगाच फुगवून सांगतात, हेही तिनेच सांगितलं. पण अंगात स्नायू असले तर माणूस उठतो, बसतो, उचलतो, चढतो, आणि हे सगळं दिवसभर जमा होत जातं. उलट नुसतंच उपाशी राहिलं आणि अंगाला जोर दिला नाही, तर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. मग खर्च आणखी कमी होतो. मग पूर्वी पुरायची ती भाकरही अंगावर बसायला लागते. हे ऐकून मला माझ्या आयुष्यातले सगळे अयशस्वी उपवास एका ओळीत उभे दिसले.

तेव्हापासून मी तिथे वजनं उचलते आणि दोन्ही वेळ वरण जेवते. ब्लाउज सैल झाले, जिना चढते, पण काट्यावरचा आकडा तोच. म्हणून बोरी अरबच्या दुकानात मी नापास, आई पहिली.

आईला हे समजावायचं मी मनावर घेतलं. शिकवणाऱ्या मुलीची भाषा तिला चालली नसती, म्हणून मी गोठ्यातली घेतली. बाबा होते तोवर आमच्याकडे बैल होते, ते गेल्यावर आईने बैल विकले आणि वावर ठेक्याने दिलं.

"आई, बैल गोठ्यात नुसता उभा असला तरी खातो ना?"

"खाते ना. उभा हाय म्हनून कोन उपाशी ठेवते त्याले?"

"आणि कुटाराचा ढीग काय खातो?"

"ढीग काय खाईन? ढिगालेच बैल खाते."

"मग तसंच अंगाचं आहे. स्नायू म्हणजे बैल आणि चरबी म्हणजे कुटार. तू उपाशी राहून बैल विकायला काढलेस आणि कुटार राखत बसलीस."

आईने मान हलवली. मला वाटलं, पोचलं. मग म्हणाली, "मंग बरंच झालं. बैल गेले तं चारा वाचला."

"आणि वखरणार कशाने?"

"वावर तं ठेक्यानं देलं ना, बाई. मले आता कोनतं वखराचं हाय?"

पालथ्या घड्यावर पाणी म्हणावं तर आई काही पालथी नाही, तिला सगळं कळतं. फक्त ती जिथून हिशेब करते ती जागाच वेगळी आहे. आमच्याकडे बाईची तारीफ करताना आजही म्हणतात, तिले खायाले काही लागत नाई. चांगल्या सुनेचं लक्षण काय, तर दोन वेळचं उरलेलं खाऊनही ती दिवसभर राबते. कमी खाऊन ज्याचं भागतं ते माणूस गुणाचं. अशा ठिकाणी मी जाऊन सांगते, की शरीराचा खर्च कमी होणं वाईट आहे. माझ्या बोलण्याला ऐकणाऱ्याच्या डोक्यात बसायला जागाच नव्हती, आणि तरी मी दर रविवारी तेच बोलत होते.

श्रावण संपेपर्यंत आईच्या बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या. भादव्यात अंगाची लाही होत असताना ती खांद्यावर चादर घेऊन बसायची. पूर्वी एका हाताने बादली उचलायची, आता अर्धी भरायची आणि दोन खेपा घालायची. दुपारी विहारातून आली की भिंतीला टेकायची आणि तिथेच डोळा लागायचा. मी म्हटलं, तू थकतेस. ती म्हणाली, शांत वाटते. विहारातल्या बायांनीही तेच म्हटलं, की बाईच्या चेहऱ्यावर कशी शांती आली. ती शांती नव्हती, तिला उपाशीपोटी ग्लानी येत होती. पण मी हे बोलले असते तर व्रताला नावं ठेवणारी झाले असते.

आणि मग काटा थांबला. एक रविवार तोच आकडा, दुसरा रविवार तोच, आणि तिसऱ्याला थोडा वरच. आईचा चेहरा पडला. तिने आधी मिठाला दोष दिला, मग वाताला, मग व्यापाऱ्याच्या काट्याला. व्यापाऱ्याला ते लागलं. त्याने सरकीच्या ढेपेचं बंद पोतं आणून पाटावर ठेवलं आणि पोत्यावर छापलेलं वजन आणि काट्यावरचं वजन सगळ्या बायांना दाखवलं. काटा बरोबर होता.

दुकानातच, फडक्याने झाकलेलं, सोयाबीनचा ओलावा मोजायचं यंत्र ठेवलेलं होतं. माझा ताबा सुटला. मी व्यापाऱ्याला म्हटलं, "तुमच्याकडे पोतं आलं तर तुम्ही नुसतं वजन करून घेता का? आधी ओलावा पाहता, माती पाहता, काडीकचरा पाहता. मग माणसाचंच नुसतं वजन का पाहता?"

"ताई," तो शांतपणे म्हणाला, "मानसाची मशीन नाई आली अजून."

बाया हसल्या. आई हसली नाही. घरी येताना रस्त्यात तिने मला खरोखर विचारलं, "अर्ध्या भाकरीवर मानूस वाढते काहून?" म्हणजे सकाळच्या एका भाकरीची अर्धी झाली होती हे मला त्या प्रश्नातून कळलं. मी पुन्हा बैलांपासून सुरुवात केली. तिने हात हलवून मला थांबवलं. तिचं उत्तर तिला सापडलं होतं: अजून कमी खायचं.

भादव्यातल्या अष्टमीला मी मुद्दाम रजा काढून गेले. वाचन संपलं, सगळ्या बाया उठल्या, आई उठली नाही. तिने दोन्ही हात जमिनीला टेकवले, एक गुडघा वर घेतला, पुढे झुकली आणि पुन्हा बसली. पुन्हा केलं. तिच्या मांड्या लुगड्याच्या आत थरथरत होत्या, ते मला मागच्या रांगेतून दिसलं. मावशी आणि आणखी एकीने काखेत हात घालून तिला सहज उचललं, फुलासारखं. मावशी म्हणालीसुद्धा, "पाह्य, किती हलकी झाली बाई." आई म्हणाली, पायाले मुंग्या आल्यात. मागच्या साली ती जड होती म्हणून दोघी लागल्या. या साली हलकी होती आणि तरी दोघी लागल्या. हे त्या विहारात फक्त मलाच दिसलं की काय, असं मला झालं.

सुक्याबरोबर ओलं जळतं म्हणतात. इथे ओलं आधी जळालं होतं आणि सुकं तसंच होतं. पोट होतं तिथेच, मांड्या गेल्या होत्या.

मी तिला पुन्हा यवतमाळला नेलं, या वेळी दुसऱ्या डॉक्टरांकडे. रक्त तपासलं, भिण्यासारखं काही नव्हतं. त्यांनी अशक्तपणा म्हणून औषध लिहिलं, जेवत जा म्हटलं, आणि जुन्या कागदावरचं वजन पाहून कौतुकाने म्हणाले, "या वयात इतकं उतरवलं? छान." आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी जन्मात विसरणार नाही. कोर्टात जिंकलेला माणूस तसं पाहतो.

व्यायामशाळेतल्या मुलीला मी फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, दोन्ही वेळ जेवण, त्यात वरण, अंडं, दूध, जे चालेल ते. आणि भिंतीला खुर्ची लावून रोज तिच्यावर बसायचं-उठायचं, जमेल तेवढं, पण स्वतःच्या पायांवर. तुम्ही जवळ उभ्या राहा, पडू देऊ नका, पण हात देऊ नका. एवढंच. ना मशीन ना पैसे. मला वाटलं, हे तरी जमेल.

पहिल्याच संध्याकाळी आईने माझ्या समाधानासाठी खुर्चीवरून उठायला घेतलं, आणि मी हात मागे बांधून उभी असतानाच मावशी दारातून आत आली.

"काहून व, म्हाताऱ्या आईले उठबशा काढाले लावतं? शाळेत हाय का ते?"

आणि धावत येऊन तिने आईला हात दिला. आईने तो घेतला. मावशी प्रेमाने करत होती, हीच तर सगळी अडचण. कुणी वाईट वागलं असतं तर मला भांडता आलं असतं.

राहिलं जेवण. आई म्हणाली, आश्विन पौर्णिमेले वर्षावास संपते, तोवर उपोसथ मोडाचा नाई. मी शेवटी विहारात आलेल्या भिक्खूंना, भन्तेजींना विचारलं, तिच्यासमोर विचारलं. त्यांनी सांगितलं, की आजारी आणि वयस्क माणसाने शरीराला जपावं, शरीर झिजवण्यात धम्म नाही, तुम्ही संध्याकाळी जेवा. मला वाटलं, आता तरी. घरी आल्यावर आई म्हणाली, "भन्तेजी दयाळू हायत, म्हनून म्हनतात." आणि चहाचं आधण ठेवलं.

दसऱ्याला लागून रविवार आला होता, म्हणून मी आदल्या दिवशीच गावी गेले. आईने पांढरं लुगडं धुऊन, वाळवून, घडी करून उशाशी ठेवलं होतं. नको जाऊ म्हणायची माझी हिंमत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं की तिने जावं. मी सोबत जाणार होते. उचलू, धरू, काहीतरी करू.

सकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी आली. मागच्या दाराने चढायच्या त्या उंच गाड्या असतात तशी. बाया चढल्या, निळ्या झेंड्याची काठी खिडकीला बांधली, कुणीतरी आईसाठी दाराजवळची जागा राखली. आईने दांडी धरली आणि पायरीवर पाय ठेवला. पाय ठेवला जात होता, पण त्या पायावर अंग वर जात नव्हतं. तिने दुसऱ्यांदा केलं. वरून दोघींनी हात ओढले, खालून मी कमरेला आधार दिला, आणि माझ्या हातांना तिच्या बरगड्या लागल्या. गेल्या साली, एवढ्या जड अंगाने, ही बाई याच पायरीवरून स्वतः चढली होती. खाली बसल्यावर तिला उठवावं लागलं होतं, पण चढली होती ती स्वतः.

तिने दांडी सोडली. "जाऊ द्या, बाई," ती गाडीतल्यांना म्हणाली. "तुमाले उशीर होऊन राह्यला." आवाज अगदी नेहमीचा होता. मग मावशी आपली पिशवी घेऊन खाली उतरली. "मी बी नाई जात. हिच्यापाशी थांबतो," ती म्हणाली, आणि तिच्यावर तीन महिने साठवलेला माझा राग मला कुठे ठेवावा ते कळेना.

गाडी गेली. आम्ही तिघी घरी आलो. आई दिवसभर पांढरं लुगडं नेसून बाजेवर बसून राहिली, मावशी तिच्या पायाशी. विहारात वंदना झाली तेवढ्यापुरतं आम्ही तिला धरून नेलं आणि धरून आणलं. मी दुपारभर मनातल्या मनात भांडत होते. डॉक्टरांशी, काट्याशी, त्या सगळ्या बायांशी, आणि जास्त करून आईशी. इतकं सांगितलं, इतक्या वेळा सांगितलं, आणि जिच्यासाठी हे सगळं केलं ती नागपूरची पायरीच तिच्या हातून गेली.

संध्याकाळी मी चूल नाही, गॅसच पेटवला, पण रागाने. तुरीचं घट्ट वरण केलं, ज्वारीच्या भाकरी थापल्या, शेंगदाण्याची चटणी केली. आईने मोडलं तर मोडलं व्रत, आज मी ऐकणार नव्हते. तीन ताटं घेतली आणि मावशीला म्हटलं, तुम्हीही बसा.

"नाई व," मावशी म्हणाली. "मी तं संध्याकाळी जेवतच नाई."

"तुम्हीही रोजचा उपोसथ धरला?"

"कायचा उपोसथ? पोरं पुन्याले गेले तवापासून नाई जेवत. चहासंगं दोन टोस खातो अन झोपतो. एकटीसाठी कोन भाकर थापते?"

तिने हे इतक्या सहज सांगितलं, जसं कुणी सांगावं की आमच्याकडे नळ दिवसाआड येतो. मी आईकडे पाहिलं. आई बोटाने लुगड्याचा काठ सरळ करत होती.

"आई, तू कधीपासून?"

"तुहे बाबा गेले तवापासून," ती म्हणाली. मग थोडं थांबून म्हणाली, "उपोसथ धरला तं त्याले नाव तरी भेटलं."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो धरायला कुणी माणूस समोर नव्हतं. मी स्नायू सांगितले, बैल सांगितले, खुर्ची सांगितली, वरण-अंडं सांगितलं. ती सगळी खरी होती आणि अजूनही खरी आहेत. पण ती बाई तीन महिने नाही, कित्येक वर्षं संध्याकाळी उपाशी होती. व्यापाऱ्याच्या काट्यावर ओळीने चढणाऱ्या बाया मला आठवल्या. त्यांतल्या कितीजणी एकट्या राहतात ते मी मनात मोजायला लागले आणि मोजायचं थांबवलं.

मी तिन्ही ताटं वाढली. आईने भाकर मोडली, वरणात बुडवली आणि खायला सुरुवात केली. पहिली संपल्यावर तिने ताट थोडं पुढे सरकवलं, आणि मी दुसरी वाढली. मावशीने चटणी मागितली, मग अर्धी भाकर मागितली, मग राहिलेली अर्धीही घेतली. तुरी यंदा बऱ्या आहेत का, यावर दोघींचं थोडं बोलणं झालं. मला मध्ये घ्यायची त्यांना गरज वाटली नाही.

जेवण झाल्यावर मी मावशीला म्हटलं, उद्यापासून तुम्ही रोज इथेच जेवा, एक दिवस तुम्ही भाकरी करा, एक दिवस आई करेल. मावशी हो म्हणाली. आईही हो म्हणाली. फार लवकर म्हणाल्या, जसं पाहुण्याला म्हणतात. आई बाजेच्या कडेला हात टेकून उठायला लागली, मी हात मागे घेतले, आणि तिने मावशीचा हात धरला.

रविवारीही मी दोन्ही वेळ स्वयंपाक केला आणि तिघी जेवलो. सोमवारी सकाळच्या दारव्ह्याकडून येणाऱ्या बसने मला यवतमाळला परतायचं होतं, आणि त्या संध्याकाळी इथे भाकरी थापल्या जातील की नुसतं चहाचं आधण चढेल, ते मला ठाऊक नव्हतं.